गाडीखान्यातील अग्नी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत परदेशी राहणाऱ्या मुलांच्या संसाराविषयीचे प्रश्न अलीकडे वाढत चालले आहेत, आणि त्यात नवल असे काही नाही. कुटुंब एकत्र असले तरी ते आता एका छपराखाली मावेनासे झाले आहे. अशाच एका वाचक भगिनींचे पत्र या खेपेस उत्तराकरिता घेतले आहे. त्यांचे थोरले चिरंजीव अमेरिकेत मिशिगन राज्यात असतात. तेथे त्यांनी नुकतेच घर घेतले असून घराला लागूनच दोन मोटारी मावतील एवढे गॅरेज आहे. हिवाळ्यात त्या प्रांती पारा गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली उतरतो आणि चिरंजीवांना तर सुतारकामाचा नाद. तेव्हा गॅरेजमध्ये गॅसवर चालणारा हीटर बसवावा, असा त्यांचा मनोदय आहे. सूनबाईंच्या बाळंतपणासाठी या भगिनी लवकरच तिकडे जाणार आहेत, आणि त्यांना व बाळंतिणीला नेमून दिलेली खोली नेमकी त्या गॅरेजच्या माथ्यावर आहे. चिरंजीव मात्र परवाना, तपासनीस, नळ्यांचे नकाशे यांतच दोन महिने अडकून पडले आहेत. भगिनी विचारतात, "मोटार आणि अग्नी एका खोलीत ठेवणे बरे की वाईट, हे आपण सांगावेच, पण आमच्या येथील न्हाणीघरात नऊ वर्षे गॅसचा गीझर आहे, दहा माणसे रोज सकाळी त्याच्या पाण्याने स्नान करतात, कोणाला कधी काही झाले नाही. मग एका हीटरसाठी एवढे अवडंबर कशाला?"

हे शेवटचे वाक्य वाचून प्रस्तुत लेखकास गॅरेजपेक्षा न्हाणीघराचीच चिंता अधिक वाटली. तथापि प्रश्न ज्या क्रमाने आला आहे, त्याच क्रमाने त्याचा विचार करू.

आपल्याकडील जुन्या वाड्यांत गाडीखाना असे, तो राहत्या घरापासून अंतर राखून. घोडा, गवत आणि माशा यांमुळे तो दूर ठेवणे भागच होते. मोटारीला गवत लागत नाही व तिच्यावर माशा बसत नाहीत, म्हणून तिचा गाडीखाना हळूहळू घराला येऊन चिकटला. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या उबदार प्रांतांत तर स्नानाचे पाणी तापविण्याचा गॅसचा बंबही पुष्कळदा गॅरेजमध्येच उभा असतो. अशा रीतीने पेट्रोल आणि ज्योत यांचा एकाच खोलीत सहवास घडला, आणि या सहवासातून जे अपघात झाले त्यांनी तेथील नियम शिकविले.

पेट्रोल स्वतः पेटते असे आपण म्हणतो. वास्तविक पेटते ती त्याची वाफ. ही वाफ उत्पन्न होण्यास उन्हाळा लागत नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेट्रोलवर पेट घेण्याजोगी वाफ जमू शकते. म्हणजे मिशिगनचा हिवाळादेखील या बाबतीत काही संरक्षण देत नाही. शंभर भाग हवेत दीड भागाच्या आसपास वाफ मिसळली की ते मिश्रण ठिणगीची वाट पाहत असते. पण वाफेचा खरा कावा निराळाच आहे. ती हवेच्या तिप्पट-चौपट जड असल्यामुळे वर जाऊन विरत नाही. सांडलेल्या पाण्याप्रमाणे जमिनीसरपट पसरत जाते. गॅरेजच्या एका कोपऱ्यात गवत कापण्याच्या यंत्रात पेट्रोल ओतताना चार थेंब सांडले, तर त्यांची वाफ दुसऱ्या कोपऱ्यातील बंबाच्या तळाशी जळणाऱ्या लहानशा ज्योतीपर्यंत निमूटपणे चालत जाते. ओतणाऱ्याचे लक्ष हातातील डब्याकडे असते. आग मागून येते.

म्हणून तेथील नियम असा आहे की गॅरेजमधील गॅसच्या उपकरणाचा बर्नर आणि ठिणगी पाडणारी यंत्रणा जमिनीपासून किमान अठरा इंच उंच असावी. अठरा इंच म्हणजे आपला एक हात, चोवीस अंगुळे. यज्ञकुंडे ज्या मापाने मोजली जात, त्याच मापाने अमेरिकेतील नियमकारांनी अग्नीला जमिनीपासून दूर केले, हा केवळ योगायोग खरा. पण संस्कृत शिकलेल्या माणसाला तो नमूद केल्यावाचून राहवत नाही. 2003 पासून तेथे घरगुती वापराच्या नव्या बंबांच्या तळाशी अशी बारीक जाळी बसविण्यात येऊ लागली, की वाफ आत शिरून पेटली तरी ज्वाला बाहेर येऊ नये. अशा बंबांना एक हाताच्या नियमातून सूट मिळते. सूट असली तरी चौथऱ्यावर ठेवण्यास कोणाची मनाई नाही, आणि आमचे मत विचाराल तर चौथरा असावाच.

चिरंजीवांचा हीटर छताला टांगावयाचा आहे, असे पत्रावरून दिसते. ते योग्यच आहे. 'आंतरराष्ट्रीय' असे भारदस्त नाव धारण करणारी एक नियमावली अमेरिकेतच मुख्यत्वे चालते. तिच्यात गाडी जेथून ये-जा करते तेथील उपकरण जमिनीपासून निदान सहा फूट वर असावे, नाही तर गाडीचा धक्का लागणार नाही असा आडोसा त्याला असावा, असे सांगितले आहे. टांगलेल्या हीटरने वाफेचा व धक्क्याचा असे दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी मिटतात. परंतु वाफेचे भय पुरते जात नाही. चिरंजीव लाकूडकाम करतात, म्हणजे पॉलिश, थिनर, वॉर्निश आलेच. त्यांच्या वाफाही पेट घेणाऱ्या आहेत. या वस्तू व पेट्रोलचा डबा घराबाहेरच्या स्वतंत्र खोपटात ठेवावे. पॉलिशचा हात द्यावयाचा असेल त्या दिवशी हीटर बंद करून दार उघडावे आणि वास पुरता गेल्यावाचून तो पुन्हा लावू नये. मोटार विजेवर चालणारी घेतली म्हणून निर्धास्त होऊ नये; गवत कापण्याचे यंत्र बहुधा पेट्रोलवरचेच असते. लाकडाचा भुसाही बर्नरच्या हवेच्या वाटा बुजवितो, आणि त्याचा परिणाम काय होतो ते पुढे येईलच.

आता अधिक सूक्ष्म गोष्टीकडे वळू. आपल्या नैयायिकांचे आवडते उदाहरण पर्वतावरील धुराचे आहे: धूर दिसला की तेथे अग्नी आहे असे अनुमान निघते. उलट मात्र ते निघत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, पण धूर नाही. धूर निघावयास ओले इंधन लागते, असा खुलासा त्यांनी करून ठेवला आहे. शेकडो वर्षे आपल्या स्त्रिया ओल्या लाकडांपुढे डोळे चोळीत बसल्या आणि धूर म्हणजेच अग्नीचा उच्छ्वास, अशी घराघरांत समजूत झाली. पुढे गॅस आला, निळी ज्योत आली, धूर गेला. आणि आता या अग्नीतून काहीच बाहेर पडत नाही असे सर्वांना वाटू लागले. येथेच घात आहे. ज्योत निळी असली तरी ती हवा खाते आणि काही तरी बाहेर टाकते. फक्त ते दिसत नाही.

हवा किती खाते याचा हिशेब अवघड नाही. अमेरिकेत उपकरणांची शक्ती ब्रिटिश उष्णता-एककांत मोजतात. एक पौंड पाणी फॅरनहाइटच्या एका अंशाने तापवावयास लागणारी उष्णता म्हणजे एक एकक. दोन मोटारींच्या गॅरेजला ताशी पंचेचाळीस हजार एककांचा हीटर सामान्यतः बसवितात. ज्या उपकरणाला खोलीतीलच हवा घ्यावयाची आहे, त्याच्यासाठी ताशी दर हजार एककांमागे पन्नास घनफूट जागा असावी, असा तेथील जुना ठोकताळा आहे. त्याप्रमाणे या हीटरला 2,250 घनफूट जागा हवी. वीस फूट लांब, वीस फूट रुंद व नऊ फूट उंच गॅरेज 3,600 घनफुटांचे होते. तेव्हा हिशेब बसतो. पण हा ठोकताळा फटीफटींतून वारा शिरणाऱ्या घरांचा आहे. हल्लीची घरे थंडीपासून बचाव म्हणून डबीसारखी बंद बांधतात. त्यांत बाहेरून हवा आणण्याची वेगळी सोय करावीच लागते.

यासाठी आमची स्पष्ट शिफारस अशी की ज्या हीटरची जळण्याची पेटी पूर्ण बंद असते, जो एका नळीने बाहेरची हवा आत घेतो व दुसरीने जळका वायू घराबाहेर सोडतो, तोच हीटर घ्यावा. त्याची किंमत थोडी अधिक असते, पण खोलीतील हवेशी त्याच्या ज्योतीचा संबंधच राहत नाही. भुसा व वॉर्निश यांचे भयही त्यामुळे पुष्कळ कमी होते. याच्या अगदी उलट, जळका वायू खोलीतच सोडणारे बिननळीचे हीटर बाजारात स्वस्तात मिळतात. ते घरात आणूच नयेत. त्यांनी हवा तर बिघडतेच, शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. ती थंड भिंतींवर जमून चिरंजीवांची सुतारी हत्यारे गंजवून टाकील.

भगिनींची खोली गॅरेजच्या वर आहे, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्योतीला हवा अपुरी पडली, किंवा बर्नरच्या वाटा बुजल्या, म्हणजे गॅसमधील कार्बन अर्धवट जळतो व त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचूर नाही. तो हवेपेक्षा किंचित हलका, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा असल्यामुळे खाली बसत नाही की वर निघून जात नाही. हवेत मिसळून हवा जाईल तेथे जातो. आपल्या रक्तातील जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते, त्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. गर्भवतीच्या बाबतीत तर गर्भाच्या रक्तातून तो निघून जाण्यास आईच्या रक्तापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून गॅरेजचे छत व घराकडील भिंत यांत नळ्यांची वा तारांची एकही भोके उघडी राहू देऊ नयेत. घरात उघडणारे दार घट्ट बसणारे व आपोआप मिटणारे असावे. आणि घर तापविण्याच्या हवेचा झरोका गॅरेजमध्ये काढू नये. सकाळी मोटार गॅरेजमध्येच चालू ठेवून गरम करण्याची सवय पुष्कळांना असते. बाहेरचे दार उघडे ठेवले तरी तो वायू घरात शिरतो. हीटर कितीही उत्तम असला तरी या एका सवयीपुढे त्याचा उपयोग नाही.

या वायूची सूचना देणारे यंत्र निजण्याच्या खोल्यांबाहेर व प्रत्येक मजल्यावर बसवावे. मात्र ते यंत्र काय करते हे नीट समजून घ्यावे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे चारशे भाग झाले तर ते चार ते पंधरा मिनिटांत ओरडते. सत्तर भाग असतील तर मात्र एक तासापासून चार तासांपर्यंत वेळ घेऊ शकते. निरोगी प्रौढ माणसाचा विचार करून ही मर्यादा ठरविलेली आहे. तेव्हा यंत्र गप्प असले तरी घरातील दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळू लागले आणि बाहेर पडताच बरे वाटू लागले, तर यंत्रापेक्षा त्या डोकेदुखीवर विश्वास ठेवावा.

राहता राहिला परवान्याचा प्रश्न. तेथे नगराच्या इमारत-खात्याचा तपासनीस येऊन नळीचा व्यास, बंद करण्याची तोटी, धुराड्याचे तोंड खिडकीपासून किती दूर आहे, हे सारे पाहून जातो. चिरंजीवांचे दोन महिने त्यात गेले ते सत्कारणी लागले. हौशी माणूस टेबल करील तर ते फार तर डुगडुगेल. गॅसच्या नळीची गोष्ट तशी नाही. सांध्यातून गॅस झिरपतो की काय हे पाहावयाचे ते साबणाच्या पाण्याने. काडी ओढून पाहणारे महाभाग तिकडेही आहेत आणि इकडेही.

एवढे सांगून झाल्यावर त्या नऊ वर्षांच्या गीझरकडे यावयास हरकत नाही. आपल्याकडे मिळणारा मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गीझर पूर्ण जोरात चालला म्हणजे त्याची शक्ती ताशी चाळीस हजार एककांच्या जवळपास जाते. म्हणजे मिशिगनमधील गॅरेज तापविणारा हीटर आणि आपल्या न्हाणीघरातील पाटीएवढा गीझर यांच्या भुकेत फारसा फरक नाही! वरच्याच ठोकत्याळ्याने त्याला दोन हजार घनफूट जागा हवी. न्हाणीघर पाच फूट बाय सात फूट आणि उंची नऊ फूट धरा: तीनशे पंधरा घनफूट, म्हणजे हव्या त्या जागेचा सहावा हिस्सादेखील नाही. तोही ठोकताळा जळका वायू बाहेर नेणाऱ्या उपकरणांचा आहे; आपल्याकडे तर तो बहुधा स्नान करणाऱ्याच्या डोक्यावरच सोडला जातो.

दुसऱ्या रीतीने पाहू. असा गीझर तासाला एक किलोपेक्षा किंचित कमी गॅस जाळतो. पंधरा मिनिटांत पाव किलोला थोडा कमी. एवढा गॅस नीट जळावयास सुमारे तीन घनमीटर, म्हणजे शंभरावर घनफूट हवा लागते. दार-खिडकी बंद असेल तर एका सावकाश स्नानात ज्योत खोलीतील हवेच्या तिसऱ्या हिश्श्यातला प्राणवायू खाऊन टाकते, आणि तो जसजसा घटत जातो तसतसा जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड अधिक निघू लागतो.

भगिनी म्हणतात, दहा माणसे रोज स्नान करतात व कोणाला काही झाले नाही. परंतु दहा माणसे एकामागून एक स्नान करतात, हीच तर काळजीची गोष्ट. पहिल्याला ताजी हवा मिळते. पाठोपाठच्या स्नानांत दार क्षणभरच उघडते आणि मागच्याची उरलेली हवा पुढच्याच्या वाट्यास येते. एकत्र कुटुंबात शेवटी स्नानास कोण जाते, हे आम्ही सांगावयास नको. पुढे कधी तरी थंडीमुळे झडप लावून घेतलेली, बर्नरवर वर्षभराची धूळ बसलेली आणि एखादी मुलगी केस धुण्यासाठी अर्धा तास आत राहिलेली, असे तिन्ही एका दिवशी जुळून येते. या वायूने पायांतील बळ आधी जाते. कडीपर्यंत हात पोहोचत नाही. न्हाणीघरात झटका येऊन पडलेली अशी कित्येक माणसे अपस्माराची म्हणून तपासली गेली, आणि अखेरीस आपल्याकडील डॉक्टरांनी या प्रकाराला 'गॅस गीझर सिंड्रोम' असे नावच दिले.

उपाय सोपा आहे. गीझर न्हाणीघरातून काढून बाहेरच्या उघड्या गॅलरीत भिंतीवर बसवावा आणि पाणी तेवढे नळीने आत न्यावे. ज्या अरुंद डक्टमध्ये शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडतात तेथे तो लावू नये. आपले संकट दुसऱ्याच्या घरात ढकलण्यासारखे ते होईल. सिलिंडरही आत नको. सिलिंडरचा गॅस हवेहून जवळजवळ दुप्पट जड असल्यामुळे गळल्यास पेट्रोलच्या वाफेप्रमाणेच जमिनीशी साचतो. नळाने घरी येणारा गॅस मात्र हवेहून हलका असतो व छताकडे जातो. गॅलरी नसेल तर विजेचा गीझर किंवा गच्चीवरचा सौरबंब घ्यावा. हवा बाहेर फेकणारा पंखा लावला म्हणजे झाले, असेही मानू नये. बंद खोलीतला पंखा धुराड्यातून वर गेलेला वायूच पुन्हा आत ओढू शकतो.

गवंडी-प्लंबर मिळून हे काम होईपर्यंत आठ-पंधरा दिवस जातील. तोवर दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, खोलीतील हवा पालटू द्यावी आणि मगच दार लावून स्नान करावे. कडी बाहेरून उघडता येईल अशी करून घ्यावी. आत गेलेल्या माणसाने हाक मारूनही ओ दिली नाही तर दार उघडून गॅस बंद करावा व त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे. आणायला जाणाऱ्याने आत रेंगाळू नये. मग शुद्ध आली तरी त्याला दवाखान्यात न्यावे, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, घरातील न्हाणीघरात गॅसचा गीझर चालू होता, हे पहिल्याच वाक्यात त्यांना सांगावे.